दोनदा पाणी प्यालेली बाग

कवळी करणाऱ्या माणसाला कवळी घालणारा माणूस सहसा भेटत नाही. डॉक्टरकडून जबड्याचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतलं की मॉडेल निघतं, मॉडेलवर मेण चढतं, मेणात दात बसतात, आणि शेवटी गुलाबी हिरड्यांतली एक हसरी वस्तू डबीत बसून परत जाते. कोण हसणार आहे हे कळत नाही. सूनबाई हे काम लग्नाच्या आधीपासून करत होती. लॅबमध्ये तिला बाई म्हणत, नवरा फोनवर ‘ऐकतेयस ना’ म्हणून हाक मारी, आणि सासरे सूनबाई म्हणत. ते नाव मग गल्लीनेही उचललं. भाजीवालाही तिला सूनबाई म्हणे, तेव्हा आपण नक्की कितीजणांची सून आहोत असा प्रश्न तिला पडत असे. पण प्रश्न पडून त्याचा पाठपुरावा करण्याइतकं त्राण तिच्यात संध्याकाळी उरत नसे.

कामात ती चोख होती. मेणातला दात केसभर वाकडा असला तर तिला तो दिसायचा नाही, खुपायचा. दिवसभर मान खाली, डोळ्यावर भिंग, कानाशी घासणाऱ्या चाकाची घरघर, नाकात हिरड्यांच्या गुलाबी ॲक्रिलिकचा उग्र वास. घरी आल्यावर कपडे झटकले की गुलाबी पूड पडे. बसमध्ये समोरचा माणूस हसला तर ती आधी त्याचे वरचे-खालचे दात जुळतात का ते पाही आणि मग, जमलं तर, उलट हसे. थकव्याची तिला इतकी सवय झाली होती, की कुणी ‘कशी आहेस’ विचारलं तर ती ‘ठीक’ म्हणे, आणि त्यात खोटं असं काही नसे.

घर तळमजल्यावरचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर एक लांबट जमिनीची पट्टी. ही पट्टी म्हणजे सासूबाईंचं राज्य. डाळिंबाचं झाड, लिंबू, गुलाब, शेवंती, जास्वंद, वांगी, टोमॅटो, मिरच्या, भेंडी, सगळं त्या पट्टीत दाटीवाटीने पण शिस्तीत उभं असे, कारण शिस्त मोडलेलं झाड सासूबाई उपटून टाकत. घरातल्या बाकी कुणाला बागेत मत नव्हतं. सासरे, म्हणजे अप्पा, पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्ह फिरवायच्या कामावर होते. जन्मभर त्यांनी गल्लीगल्लीत पाणी सोडलं आणि जन्मभर प्रत्येक गल्लीकडून बोलणी खाल्ली, कारण पाणी कधीच कुणाला पुरेसं आलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी पाइप धरायला मिळाला. तो कुठे धरायचा आणि कधी हलवायचा हे मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगितलं जाई.

सासूबाईंची कवळी सूनबाईनेच केली होती. नात्यातल्या लोकांना यात भारी गंमत वाटे. सासूचे दात सुनेच्या हातात, असं कुणीतरी प्रत्येक लग्नात म्हणायचंच, आणि सगळे असे हसायचे की जणू आजच सुचलंय. खरी गोष्ट अशी, की सासूबाई ती कवळी जन्मभर ‘जरा टोचते’ म्हणून परत देत राहिल्या. सूनबाई घासून द्यायची. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं की ती टोचत-बिचत नाही. कवळी दुरुस्तीला बसली की सून तेवढा वेळ जवळ बसते, एवढाच त्यातला मुद्दा. सासूबाईंना माणसं कामाला कशी लावायची ते कळत होतं, आणि कशाला लावली ते माणसांना कळू द्यायचं नाही हेही कळत होतं.

त्या गेल्या त्या फार न रेंगाळता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी सूनबाईला एकटीला जवळ बोलावलं. कवळी काढलेली होती, त्यामुळे शब्द जरा सैल येत होते.

“अप्पांचा जीव त्या बागेत आहे,” त्या म्हणाल्या. “बोलून दाखवणार नाहीत. पण बाग गेली की ते गेलेच म्हणून समज. तू बघशील ना?”

मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं? सूनबाईने मान हलवली.

तेव्हापासून संध्याकाळ बागेची झाली. बस उतरून घरी येताना अप्पा कोपऱ्यावरच्या बाकावर आपल्या मंडळींत बसलेले दिसत. ती घरात पर्स टेकवी, आणि हात-तोंड धुवायच्या आधी मागच्या दारी जाऊन नळ सोडी. तिला बागेची आवड नव्हती. बागकाम म्हणजे तिच्या लेखी डास, नखांतला चिखल आणि कमरेची कळ. झाडांची ओळखही यथातथाच. पहिल्या वर्षी तिने शेवंतीची कोवळी रोपं तण म्हणून उपटली आणि शेजारचं गवत जिवापाड जपलं. अप्पांनी दारातून ते पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. पोटात केवढं तुटलं असेल त्यांच्या, असं वाटून सूनबाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यानंतर ती काहीच उपटेनाशी झाली. नुसतं पाणी घाली. पाण्याने तरी काही बिघडत नाही, असा तिचा समज होता.

इकडे नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, कागदाच्या गिरणीत. सुट्टी जुळली की यायचा, दोन दिवस झोपायचा आणि जायचा. लग्न टिकवायला अंतर बरं असतं असं लोक थट्टेने म्हणतात. या दोघांनी ते इतकं करून पाहिलं होतं की त्यातली थट्टा संपली होती. आता त्याला कंपनीचं क्वार्टर मिळत होतं. तिसरा मजला, लिफ्ट, चालत जाण्याइतक्या अंतरावर दातांची एक लॅब, तिथे बाईमाणूस हवंच आहे असंही तो विचारून आला होता. “बाल्कनी मात्र अगदी लहान आहे,” तो फोनवर म्हणाला. “एखादी कुंडी मावेल, बास.” त्याने हे अडचण म्हणून सांगितलं होतं. सूनबाईला मात्र ते ऐकून उन्हातून सावलीत आल्यासारखं झालं. एक कुंडी. तीसुद्धा ठेवलीच पाहिजे असं नाही.

“तू अप्पांना विचार ना,” तो दर वेळी म्हणे.

“विचारायचं काय त्यात? बाग सोडून ते यायचे नाहीत.”

“तुला ते म्हणाले का तसं?”

“म्हणायला कशाला हवं?”

यावर नवरा गप्प होई. अलीकडे ही गप्प राहण्याची वेळ लांबत चालली होती. थंडी पडायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं; नाही म्हटलं तर क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, आणि मग त्याच्या निवृत्तीपर्यंत हे असंच, तो तिकडे नि ती इकडे. शेवटच्या फोनवर तो चिडलाही नाही. नुसतं म्हणाला, “तुला यायचंच नसेल तर तसं सांग. मी समजून घेईन.” चिडला असता तर बरं झालं असतं. सूनबाईने फोन ठेवला आणि नळ सोडायला गेली.

तोवर हंगाम सरत आला होता आणि बागेची कळा काही बरी दिसत नव्हती. टोमॅटो पिकायच्या आत देठापाशी तडकत. डाळिंबं झाडावरच उकलून आतले दाणे दाखवत उभी असत, आणि मुंग्यांना आयतंच मिळे. मिरचीची पानं पिवळी. गुलाब नुसता पानांनी माजलेला, त्याला फूल कसं ते ठाऊक नाही. नळापाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. सूनबाईने एक तडकलेला टोमॅटो हातात फिरवून पाहिला. तिच्या धंद्यात ॲक्रिलिकला घाईने ताप दिला की अशीच चीर जाते. चूक कुठेतरी करणाऱ्याची असते, मालाची नाही, हे ती जाणून होती, आणि इथे करणारी आपणच, हेही.

ती नर्सरीत गेली. नर्सरीवाला खुर्चीत बसल्याबसल्याच म्हणाला, “पाणी जास्त होतंय.”

“संध्याकाळी एकदाच घालते मी.”

“मग एक दिवसाआड घाला.”

तिने तसं केलं. माती ओलीच. दोन दिवसांआड केलं, तरी बोट खुपसलं की चिखल. शेवटी तिला वाटलं, जमिनीखालून पाइप गळत असणार. घरात पाण्याच्या खात्यातला माणूस असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून तिने अप्पांना विचारलं. अप्पा गंभीर चेहऱ्याने मागे गेले, वाकायला होत नव्हतं तरी वाकले, पाइपवर किल्लीने दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “लाइन जुनी आहे.” मग गुडघ्यावर हात टेकत आत गेले. तिला वाटलं, बागेची ही दशा त्यांना बघवत नाहीये.

त्याच आठवड्यात एक दिवस लॅबची वीज गेली. मेण वितळवता येईना, चाक फिरेना, लॅब चालवणारे डॉक्टर म्हणाले आज घरी जा. सूनबाई सकाळीच घरी आली. पुढचं दार आतून लावलेलं होतं, म्हणून ती बोळातून मागे वळली, तर भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज आला. ते कुणाशी तरी बोलत होते. आवाजात वैताग होता, वर्षानुवर्षं एकाच साहेबाच्या हाताखाली काम केल्यावर येतो तसा मुरलेला.

“प्या. प्या एकदाचे. माझ्या गुडघ्यांची वाट लागली तुमच्या पायी. सूनबाईचा जीव आहे तुमच्यात म्हणून, नाहीतर कधीच ठोकलं असतं या नळाला कुलूप.”

सूनबाई कोपऱ्यावर थबकली. अप्पा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने पाइप धरून उभे होते. पाणी डाळिंबाच्या बुंध्याशी चाललं होतं, तिथे आधीच तळं होतं.

“कुणाचा जीव?” ती म्हणाली.

अप्पांनी वळून पाहिलं. पाइपही वळला आणि त्यांच्याच पायावर पाणी पडू लागलं. ते त्यांनी पडू दिलं.

“तू लवकर कशी?”

“वीज गेली. अप्पा, कुणाचा जीव म्हणालात?”

“तुझा,” अप्पा म्हणाले. मग पकडलं गेल्यावर माणूस सगळंच सांगून मोकळा होतो तसे भडभडा बोलू लागले. बायकोने दवाखान्यात त्यांना एकट्याला जवळ बोलावलं होतं. सूनबाई दिवसभर परक्यांच्या जबड्यांत डोकं घालून बसते, नवरा इथे नाही, संध्याकाळी त्या झाडांपाशी उभी राहते तेवढंच तिचं. बाग वाळली तर पोर वाळेल. तुम्ही बघाल ना? अप्पा हो म्हणाले होते. पण संध्याकाळी ही दमून येते, उभ्याउभ्या चार थेंब शिंपडते, त्याने काय होणार? म्हणून ती कामावर गेली की रोज सकाळी ते मुळं भिजेपर्यंत पाणी सोडत. तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गुडघ्यांवरून तिने त्यांना उभं राहू दिलं नसतं.

“मला म्हणाल्या, तुमचा जीव आहे,” सूनबाई म्हणाली.

“माझा?” अप्पांना हे इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी बागेकडे एकदा नीट पाहून घेतलं, जणू आपला जीव तिथे कुठे ठेवलाय ते दिसेल. “मला भेंडी कुठली नि जास्वंद कुठली ते फूल आल्याशिवाय कळत नाही गं.”

“मी शेवंती उपटली तेव्हा काही बोलला नाहीत.”

“मला वाटलं, तू तण काढतेयस. मग वाटलं, आपल्याला काय कळतं.”

सूनबाई जवळच्या पालथ्या बादलीवर बसली. हसू येत होतं, पण ते घशापर्यंत येऊन दमून परत जात होतं. अप्पांनी नळ बंद केला. मग अप्पा, ज्या बाईबरोबर त्यांनी सगळं आयुष्य काढलं तिच्याविषयी, रागाने की कौतुकाने ते कळू न देता म्हणाले, “दोघांनाही एकाच पाइपला बांधून गेली.”

मग सूनबाईने क्वार्टरचं सांगितलं. अप्पांनी एवढंच विचारलं की लिफ्ट आहे का. आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “मग इतके दिवस विचारलं का नाहीस?” आणि लगेच हात वर करून त्यांनी स्वतःच तो प्रश्न मागे घेतला. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “मी इतके महिने काय भिंतीशी बोलत होतो?” त्याच्या आवाजात राग होता, पण तो मावळायच्या बेतातला राग होता, आणि ती तो ऐकत राहिली.

क्वार्टर रिकामं व्हायला अजून काही आठवडे होते. नळ मात्र त्याच दिवशी सुटला, म्हणजे कायमचा बंद झाला. संध्याकाळी सूनबाई घरी येई, हात-तोंड धुई आणि बसे. पहिले काही दिवस हात रिकामे राहून तिला चुकल्यासारखं वाटलं. नंतर चहा गरम असतानाही पिता येतो हे ध्यानात आलं. बाग आपल्या वाटेने वाळेल, आपण आपल्या वाटेने जाऊ, असं दोघांनी न बोलता गृहीत धरलं होतं.

बागेने मात्र तसं धरलं नव्हतं. चिखल सुकला, कुत्र्याच्या छत्र्या गेल्या, पिवळी पानं गळाली, आणि त्या उघड्या काटक्यांवर एका संध्याकाळी, कपडे दोरीवरून काढताना, सूनबाईला गुलाब दिसला. दोन वर्षं ज्याने नुसती पानं केली तो. फूल लहान होतं, कडा उन्हाने जरा करपलेल्या. ती कपडे खांद्यावर टाकून पुढे झाली. पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथे तिचा हात कधी पोचला नव्हता, तिथे उपटण्यातून सुटलेली एक शेवंती उभी होती आणि तिला घट्ट मुठींसारख्या कळ्या लागल्या होत्या. एक मूठ उघडून पिवळी झाली होती. वांग्याच्या झुकलेल्या झाडावर एक जांभळं फूल खाली मान घालून होतं, आणि पानाआड एक वांगं, टपोरं, चकाकणारं, कुणाला न विचारता मोठं झालेलं. टोमॅटो सुपारीएवढेच, पण न तडकलेले. सालीला बोट लावलं तर ताठ लागे. आणि डाळिंबाला, उकललेल्या फळांची टरफलं अजून लटकत असताना, फळांचा हंगाम कधीच होऊन गेल्यावर, एक नवं फूल. जाड, मेणाने केल्यासारखं, आणि रंग असा की तिच्या लॅबमधल्या दात-हिरड्यांच्या रंगांच्या कुठल्याच पट्टीवर तो नव्हता. ती नकळत मनात पट्टी धरून पाहत होती.

नर्सरीवाला पुढे एकदा रस्त्यात भेटला, तेव्हा म्हणाला, पाणी तोडलं की झाड घाबरतं, आता आपलं काही खरं नाही म्हणून उरलंसुरलं सगळं फुलून घेतं. सूनबाईने ते ऐकून घेतलं. तिला तेव्हा दुसरीच काळजी लागली होती.

काळजी अशी, की अप्पांनी हे पाहिलं तर? उतारवयात माणूस कशाने विरघळेल सांगता येत नाही. गुलाब बघून म्हणतील, आता कुठे फुलायला लागली, इतक्यात कशाला जायचं. मग नवऱ्याला काय सांगायचं? फोनवरचं त्याचं ते गप्प राहणं तिच्या कानात अजून होतं. म्हणून ती सकाळी अप्पा दाढी करत असताना मागे जाई, उमललेलं ते खुडी, पिकलेलं ते तोडी आणि डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेई. अप्पांचं मन फिरेल अशी तिला भीती होती. भीती नेमकी कुणाच्या मनाची, हे तिने फार तपासून पाहिलं नाही. डाळिंबाच्या फुलाला मात्र तिने हात लावला नाही. ते उंच आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. ते काही फार उंच नव्हतं.

लॅबमध्ये प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात शेवंती दिसू लागली. ठसे ओतणाऱ्या गड्याने टोमॅटो मीठ लावून खाल्ले आणि असे टोमॅटो आयुष्यात खाल्ले नाहीत म्हणाला. तो हे प्रत्येक फुकट वस्तूबद्दल म्हणत असे. डॉक्टरांनी विचारलं, “बाई, वाढदिवस का?” ती हो म्हणाली. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र तिने डोळ्यावर भिंग ओढलं.

एक गोष्ट तिला खटकत होती. संध्याकाळी हेरून ठेवलेली कळी सकाळी उमललेली सापडायच्या ऐवजी सापडतच नसे. एक वांगं असंच गेलं. लिंबंही जिथे पाच-सहा दिसली होती तिथे नुसती देठं. पक्षी असतील, असं तिने ठरवलं. देठ कात्रीने कापणारा पक्षी कुठला, हे डोक्यात येऊनही तिने ते पुढे नेलं नाही. तिचं डोकं तेव्हा खोकी भरण्यात होतं.

उलगडा केला समोरच्या काकूंनी. त्या दार उघडून उभ्या होत्या आणि आत टेबलावर पाण्याच्या ग्लासात गुलाब होता. करपलेल्या कडांवरून सूनबाईने तो लांबूनच ओळखला.

“छान आहे गुलाब,” ती म्हणाली.

काकूंनी आधी आढेवेढे घेतले. मग गुपित पोटात ठेवायची सवय नसल्यामुळे म्हणाल्या, “अप्पा देऊन गेले. लिंबंही दिली, वांगं दिलं. तुला सांगू नका म्हणाले. तू पाहिलंस तर तुझा पाय निघायचा नाही, आणि तिकडे मुलगा वाट बघतोय. माझं नाव घेऊ नकोस हं.”

सूनबाईने नाव घेतलं नाही. घरी जाऊन तिने अप्पांना काही विचारलंही नाही. त्या रात्री जेवताना दोघं हवापाण्याबद्दल फार सविस्तर बोलली.

टेम्पो सकाळी यायचा होता, त्याच्या आदल्या दुपारी घर खोक्यांत गेलेलं होतं. भिंतींवर फोटोंचे चौकोन तेवढे राहिले होते. बसायला जागा नाही म्हणून सूनबाई मागच्या दारी आली, तर अप्पा तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातात कात्री होती, पण ती त्यांनी मांडीवर पालथी ठेवली होती. समोर डाळिंब. फुलाच्या पाकळ्या गळाल्या होत्या आणि त्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढा, मुकुटवाला एक हिरवट-लाल गोळा धरला होता.

अप्पांनी कात्री लपवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

“कापणार होतात?” तिने विचारलं.

“हो,” अप्पा म्हणाले. “रोज येतो कापायला. परवाही आलो होतो. उंच आहे.”

“फार नाही उंच.”

“नाही.”

ती दाराच्या पायरीवर बसली. खोकी बांधून हात भरून आले होते. सरलेल्या हंगामाचं ऊन अंगावर येत होतं, टोचत नव्हतं. शेवंतीवर एक माशी इकडून तिकडे जात होती, कामावर वेळेवर आल्यासारखी.

“तुझं मन फिरलंय का?” अप्पांनी विचारलं. त्यांनी हा प्रश्न बरेच दिवस जवळ ठेवला असावा. विचारताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सूनबाईने उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण तिला खरं उत्तर द्यायचं होतं आणि ते तिलाही बघून घ्यावं लागलं. “नाही,” ती म्हणाली. “जायचंय मला. फार दमलेय मी, अप्पा. पण हे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं की वाईट, ते सांगता येत नाही. तुमचं?”

“माझंही नाही. लिफ्ट हवी मला.” अप्पांनी कात्री खाली ठेवली. “पण एवढं पाणी घातलं, आणि बघतोय ते आत्ता.”

“हे इथेच राहू दे,” ती फळाकडे बघत म्हणाली. “येणारे खातील.”

“किंवा मुंग्या.”

“किंवा मुंग्या.”

मग नवऱ्याचा फोन आला. टेम्पोवाला पत्ता विचारत होता, खोकी किती, कपाट सुटं करून न्यायचं की तसंच, उद्या निघताय ना नक्की. निघतोय, ती म्हणाली. नक्की. तिच्या आवाजात काहीतरी वेगळं लागलं असावं, कारण त्याने विचारलं, आत्ता काय चाललंय.

“काही नाही. बसलोय.”

“बसलोय म्हणजे?”

“मागे. अप्पा आणि मी.”

तो म्हणाला, बसा. तिने फोन पायरीवर ठेवला. ऊन टाकीपर्यंत सरकलं होतं. अप्पा म्हणाले चहा हवा होता. सूनबाई हो म्हणाली. चहाचं भांडं कुठल्यातरी खोक्यात तळाशी गेलं होतं, ते काढायला उठावं लागलं असतं, आणि ऊन अजून थोडं शिल्लक होतं.